मोडक्या गुडघ्याची कैफियत

मराठी भाषेने गुडघ्याला जितके राबवून घेतले आहे तितके शरीरातील दुसऱ्या कोणत्याही सांध्याला राबवलेले नाही. हरलेला मनुष्य गुडघे टेकतो, लग्नाला उतावीळ झालेला नवरदेव बाशिंग कपाळाऐवजी गुडघ्याला बांधतो, आणि मुलाने काही मूर्खपणा केला की त्याची अक्कल गुडघ्यात असल्याचा निर्वाळा घरातली वडील मंडळी विनासंकोच देऊन टाकतात. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ज्या समाजाची पंगत पाटावर बसते, ज्याचे जाते आणि चूल जमिनीवर मांडलेली असते, ज्याचा सावकार आणि कारकून पिढ्यान्‌पिढ्या गादीवर मांडी ठोकून, उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात घेऊन जमाखर्च लिहीत आला, आणि ज्याचा देवही दंडवत घातल्याखेरीज संतुष्ट होत नाही, त्या समाजाचे निम्मे व्यवहार गुडघ्याच्या जामिनावर चालतात. खुर्चीत बसावयाचे तर गुडघा काटकोनात वाकला की भागते. मांडी घालावयाची किंवा उकिडवे बसावयाचे तर त्या काटकोनापुढे आणखी तीस-चाळीस अंशांची, कित्येकदा त्याहूनही लांबची, मजल मारावी लागते. म्हणूनच गुडघा मोडून घरी परतलेल्या माणसाला आपल्याकडे ‘हाड जुळले का’ असे विचारण्याआधी ‘मांडी घालता येते का’ असे विचारले जाते. आणि या साध्या घरगुती प्रश्नात, ज्याचा उलगडा करताना शस्त्रवैद्यांच्या कित्येक पिढ्या खपल्या, ते सारे प्रकरण सामावलेले आहे.

ते प्रकरण असे. मोडलेले हाड जुळावयाचे तर त्याला स्वस्थता लागते. तुकडे जागचे हलत राहिले की जोड धरत नाही, किंवा धरला तर वाकडा धरतो. उलट सांधा हा हालचालीवर जगणारा अवयव आहे. हाडांच्या टोकांवर चकचकीत कूर्चेचा जो पातळ थर असतो त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला स्निग्ध द्रव हालचालीच्या दाबाने त्यात मुरतो आणि त्यावरच त्याचे पोषण होते. सांधा काही आठवडे जखडून ठेवला की आतले पापुद्रे एकमेकांस चिकटतात, मांडीचे स्नायू वाळून काठी होतात, आणि जोडलेले हाड असलेला पण न वाकणारा असा पाय माणसाच्या वाट्याला येतो. नडगी मध्यावर मोडली तर या दोन गरजा एकमेकींच्या आड फारशा येत नाहीत. परंतु मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचा सपाट माथा आणि पुढची वाटी ही तीन हाडे जेथे एकत्र येतात तेथेच भंग झाला, आणि त्याची चीर कूर्चा फोडून सांध्याच्या पोकळीत उतरली, म्हणजे अंगुळभर जागेत दोन परस्परविरोधी दावे एकदम दाखल होतात. हाड म्हणते, मला हलवू नका. सांधा म्हणतो, मला थांबवू नका. गुडघ्याच्या भंगावरील इलाजांचा इतिहास म्हणजे या दाव्याची लांबलेली सुनावणी होय, आणि तीत पहिली कित्येक शतके निकाल एकतर्फी, हाडाच्या बाजूने, लागत गेला.

आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सुश्रुताने अस्थींचे पाच वर्ग केले आणि गुडघ्याची वाटी लांब नळ्यांच्या वर्गात न घालता डोक्याच्या कवटीच्या शेजारी, ‘कपाल’ वर्गात बसवली. कोवळी हाडे लवतात, नळ्या मोडतात आणि कपाले फुटतात, असा मोडण्याच्या तऱ्हांचा भेदही त्याने सांगितला. खापरी फुटावी तशी फुटलेली वाटी क्ष-किरणांच्या चित्रात ज्याने पाहिली असेल त्याला या वर्गीकरणामागची नजर ओळखू येईल. जानु हे त्याच्या गणनेत एक मर्मस्थान आहे, आणि तेथे आघात झाल्यास मनुष्य दगावत नाही, लंगडा होतो, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. भग्नचिकित्सेच्या अध्यायात वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि वेळूच्या कांबी यांनी मोडका अवयव कसा बांधावा हे येते. बंध थंडीच्या दिवसांत ७ दिवसांनी, मध्यम ऋतूत ५ दिवसांनी व उन्हाळ्यात ३ दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, हेही येते. आणि बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळला तर सूज, वेदना आणि पू यांना आमंत्रण मिळते, असा इशारा येतो, ज्याची आठवण आपल्याला पुढे एकदा काढावी लागेल. मांडी किंवा नडगी मोडलेल्या रोग्यासाठी त्याने ‘कपाटशयन’ सांगितले आहे: दाराच्या फळीसारख्या एका फळीवर रोग्याला निजवावयाचे, आणि सांध्यांच्या दोन्ही अंगांना व तळपायाशी मिळून पाच खुंट्या अशा ठोकावयाच्या की पाय तसूभरही सरकू नये. मुदतही त्याने मुक्रर केली आहे: पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन.

इतका कडेकोट बंदोबस्त सांगणारा हा आचार्य हालचालीला विसरला होता असे मात्र नव्हे. हात मोडलेल्या रोग्याचा जोड धरला की त्याने आधी मुठीत मऊ गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, अशी चढती पायरी तो सांगतो. आज रुग्णालयातल्या व्यायामशाळेत रबरी चेंडू आणि वजने यांच्या रूपाने जी परंपरा चालते तिचे मूळ इतके जुने आहे. परंतु मुठीला जे सहज साधते ते गुडघ्याला साधत नाही, कारण गुडघ्यावर सबंध देहाचा भार आहे आणि त्याच्या पुढच्या अंगाला शरीरातील एक अतिबलाढ्य स्नायू आपला दोर ओढून बसलेला आहे.

आमच्याकडील हाडवैद्य आणि तालमीतले वस्ताद यांनी ही बांधण्याची विद्या पुष्कळ काळ जिवंत ठेवली. कांबी, पट्टी, कांडवेलीचा लेप, आणि तिसऱ्या-पाचव्या दिवशी बंध सोडून पाहण्याची शिस्त. खांदा निखळला, मनगट मोडले, नडगी मध्यावर तडकली, तर त्यांच्या हाताला यश येई आणि त्यांची कीर्ती पंचक्रोशीत पसरे. गुडघ्यापाशी त्यांची विद्या थांबत असे. माझ्या लहानपणी गावात एक वृद्ध गृहस्थ होते, तरुणपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचा गुडघा फुटला होता. पंगतीत टोकाचे पान त्यांच्यासाठी राखलेले असे, म्हणजे ताठ पाय बाहेर पसरता यावा आणि वाढप्याने त्याला अडखळू नये. त्यांचा पाय दुखत नसे, मैल-दोन मैल ते चालतही; फक्त तो वाकत नसे. हाडाने आपला दावा संपूर्ण जिंकला होता.

युरोपातही स्थिती निराळी नव्हती. १५६१ साली घोड्याच्या लाथेने स्वतःचाच पाय मोडून घेतलेला, आणि म्हणून या विषयावर दुहेरी अधिकाराने बोलू शकणारा फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे याने वाटीच्या भंगाविषयी लिहिताना, हे हाड मोडल्यावर न लंगडणारा मनुष्य आपल्या पाहण्यात नाही, अशी कबुली दिली आहे. सुश्रुताचा अभिप्राय आणि पारेची कबुली यांत एवढे साम्य यावे यात नवल नाही, कारण दोघांपुढे अडचण एकच होती. मांडीच्या पुढचा चतुःशिर स्नायू वाटीला वरून धरतो आणि वाटीखालची स्नायुबंधाची पट्टी नडगीला जाऊन मिळते. वाटी आडवी दुभंगली की वरचा तुकडा स्नायूच्या ओढीने वर सरकतो, मधे दोन-दोन बोटांची फट पडते, आणि बाहेरून कितीही पट्ट्या आवळल्या तरी ती फट हाडाने न भरता चिवट तंतूंनी भरते. असा पाय ऐन वेळी ताठ होऊ शकत नाही. जिना उतरताना तो दगा देतो, आणि मनुष्य पुन्हा त्याच गुडघ्यावर आदळतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या मालगेन्य याने कातडीतून दोन्ही तुकड्यांना बाहेरून आकडे अडकवून ते स्क्रूने जवळ आणण्याचे एक उपकरण काढले. उपकरण पाहिले की अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार बरोबर होता: तुकड्यांना हुकूम बाहेरून देऊन उपयोग नाही, त्यांना हाताशीच धरले पाहिजे.

हाताशी धरावयाचे तर सांधा उघडला पाहिजे. आणि धडधाकट कातडीखालचा, न चिघळलेला गुडघा आपण होऊन उघडणे हा त्या काळी जवळजवळ मनुष्यवधाचा प्रयत्न मानला जाई, कारण उघडलेल्या गुडघ्यात पू झाला की पुढे दोनच वाटा उरत, मांडीतून पाय कापणे किंवा मरण. या पार्श्वभूमीवर जोसेफ लिस्टरचे कर्तृत्व पाहावे लागते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे, गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर त्याने कार्बॉलिक आम्लाचे फडके बांधले, आणि जेथे पाय कापावा लागावयाचा तेथे मूल दोन पायांवर चालत घरी गेले. पुढची बारा वर्षे ही पद्धत सिद्ध करण्यात गेली. १८७७ साली तो एडिंबरा सोडून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात आला तेव्हा त्या शहरातील वजनदार मंडळी त्याच्या कार्बॉलिकच्या तुषारयंत्राकडे आणि त्या उग्र वासाकडे अद्याप थट्टेनेच पाहत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोत त्याचाच जुना सहायक हेक्टर कॅमेरन याने जुळू न शकलेली एक जुनी वाटी तारेने बांधली होती. आणि २६ ऑक्टोबर १८७७ रोजी लिस्टरने लंडनमध्ये, ताज्या मोडलेल्या वाटीवर, भर सभेत आव्हान द्यावे तसे, हत्यार उचलले.

त्याने काय केले हे सांगावयास दोन वाक्ये पुरतात. गुडघा पुढून उघडला, साकळलेले रक्त काढले, दोन्ही तुकड्यांना भोके पाडली, त्यांतून चांदीची जाड तार ओवून ती पिळली, आणि फट मिटली; हे सारे कार्बॉलिकच्या धुक्यात. पण ज्यांनी हे ऐकले त्यांची प्रतिक्रिया सांगावयास दोन वाक्ये पुरणार नाहीत. एका नामांकित शस्त्रवैद्याने, हा बिचारा रोगी मेला म्हणजे या गृहस्थावर खटला भरला पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची गोष्ट लिस्टरच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे, आणि ती खरी मानावयास हरकत नाही, कारण तो न्याय त्या काळच्या अनुभवाला धरूनच होता. रोगी मेला नाही. जखम पू न होता भरली, वाटी जुळली आणि पाय पुन्हा वाकू लागला. १८८३ साली लिस्टरने लंडनच्या वैद्यकमंडळापुढे असे सात रोगी मांडले. त्या सातांच्या गुडघ्यांनी जे सिद्ध केले ते वाटीपुरते नव्हते: पोट, छाती, मेंदू यांसारख्या, देवाने झाकून ठेवलेल्या म्हणून अस्पर्श मानलेल्या जागांचे दरवाजे त्यानंतर हळूहळू अधिक उघडत गेले. शस्त्रक्रियेच्या आधुनिक इतिहासाचा उंबरठा एका सामान्य माणसाच्या फुटक्या वाटीवर रचलेला आहे, ही गोष्ट मला फार आवडते. अर्थात ज्यांनी लिस्टरच्या तारेचे अनुकरण केले पण त्याच्या स्वच्छतेचे केले नाही, त्यांच्या रोग्यांनी या नव्या विद्येची किंमत पायाने, आणि काहींनी प्राणाने, चुकती केली.

येथून दाव्याला खरा रंग चढला, कारण दोन्ही बाजूंना आता तोलामोलाचे वकील मिळाले. विश्रांतीच्या बाजूने लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस उभा राहिला. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पिढीजात हाडवैद्यांच्या कुळात जन्मलेला, बापाने परवान्याशिवाय हाडे बसवल्याबद्दल कज्जेखटले सोसलेले पाहून रीतसर पदवी घेतलेला, डोळ्याच्या जुन्या दुखापतीमुळे टोपी कपाळावर ओढून फिरणारा आणि रविवारी गरिबांना फुकट तपासणारा हा विक्षिप्त गृहस्थ. १८७५ साली त्याने खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि विश्रांती द्यावयाची तर ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असली पाहिजे, हे मत अखेरपर्यंत सोडले नाही. गुडघ्यासाठी त्याने केलेली लोखंडी सळ्यांची चौकट त्याच्या मृत्यूनंतर, पहिल्या महायुद्धात, त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने आघाडीवर नेली, आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांची मृत्युसंख्या तिने इतकी खाली आणली की टॉमसचे नाव आजही प्रत्येक अपघात विभागात त्या चौकटीच्या रूपाने उच्चारले जाते. हालचालीच्या बाजूने पॅरिसचा ल्युका-शांपियोन्येर आला. गंमत अशी की हा लिस्टरचाच भक्त. तरुणपणी ग्लासगोला जाऊन त्याने ती पद्धत डोळ्यांनी पाहिली होती आणि फ्रान्समध्ये तिचा प्रचार केला होता. मोडलेला अवयव आठवडेच्या आठवडे साच्यात गोठवणे म्हणजे एक रोग बरा करून दुसरा देणे होय, हळुवार मर्दन आणि लवकर सुरू केलेली बेताची हालचाल हीच खरी चिकित्सा होय, असे त्याचे प्रतिपादन होते. १८५२ च्या सुमारास डच लष्करी वैद्य मातायसन याने प्लास्टरमध्ये भिजवलेल्या पट्टीची जी सोपी युक्ती काढली होती ती तोवर सर्वत्र रूढ झाली होती, आणि प्लास्टर घालून मोकळे होणाऱ्या वैद्यांना हे प्रतिपादन रुचणे शक्यच नव्हते.

पहिल्या महायुद्धानेच दुसऱ्या बाजूचाही एक चमत्कार दाखवला. बेल्जियन सैन्यातील विलेम्स नावाचा शस्त्रवैद्य गोळी लागून चिघळलेले गुडघे उघडून धूत असे, आणि त्यानंतर रोग्याला स्वस्थ पडू न देता तो गुडघा त्याच्याच बळाने ताबडतोब हलवावयास, किंबहुना त्यावर चालावयास लावीत असे. हालचालीने पू बाहेर ढकलला जातो, सांधा निचरतो, असे त्याचे म्हणणे. ज्यांनी पाहिले ते थक्क झाले, आणि तरीही घरी जाऊन फार थोड्यांनी ते केले. धैर्य एकट्या वैद्याला असून चालत नव्हते, ते रोग्यालाही लागत होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक विलक्षण कंटाळा आलेला दिसतो. वाटी जोडण्याच्या खटपटीला विटून १९३७ साली राल्फ ब्रूक या इंग्रज शस्त्रवैद्याने, ती काढूनच टाकावी, तिच्यावाचून गुडघ्याचे काही अडत नाही, असा पक्ष मांडला आणि त्याला चांगले अनुयायीही मिळाले. वाटी ही तरफेची कप्पी आहे, ती गेली की पाय ताठ करण्यास स्नायूला पुष्कळ अधिक जोर लावावा लागतो, हे मागाहून मोजमापांनी सिद्ध झाले. तोवर अनेकांच्या वाट्या फेकल्या गेल्या होत्या. तक्रारच नको म्हणून फिर्यादीला हद्दपार करण्याचा हा प्रकार.

त्याच सुमारास मोटारीने आपला वाटा उचलला. १९२९ साली बोस्टनच्या कॉटन व बर्ग यांनी एका नव्या भंगाचे वर्णन केले: रस्ता ओलांडणाऱ्याच्या गुडघ्याला बाहेरच्या अंगाने मोटारीचा पुढचा दांडा लागतो, पाय आत वाकतो, आणि मांडीच्या हाडाचे गोल टोक हातोड्यासारखे नडगीच्या माथ्यात घुसते. नडगीचा माथा म्हणजे वर कूर्चेचे लिंपण आणि खाली जाळीदार भुसभुशीत हाड. घाव बसला की वरचा पृष्ठभाग मऊ भाकरीवर अंगठा दाबावा तसा खाली बसतो, कड चिरून बाहेर सरकते, आणि फार मोठा आघात असेल तर सबंध माथाच खालच्या नळीपासून सुटतो. वाटीचा भंग हा अनेकदा घसरणाऱ्याचा भंग होता. हा वेगाचा भंग आहे, आणि आपल्या शहरांत दुचाकी वाहनांनी त्याचे पीक किती उदंड केले आहे हे कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या अस्थिविभागात सकाळी तासभर बसले तरी कळते.

या भंगावर सर्वांत शांत डोक्याने विचार ज्याने केला तो ग्रॅहम अ‍ॅपली. १९५६ साली त्याने दाखवले की शस्त्राला हात न लावता, नडगीतून एक सळई आरपार घालून तिला वजन टांगावे आणि त्या ओढीखालीच रोग्याला पहिल्या दिवसांपासून गुडघा वाकवावयास लावावे, तर चित्रात वेडावाकडा दिसणारा माथाही कामाला उत्तम येतो. म्हणजे हाडाला पूर्ण न्याय मिळाला नाही तरी चालेल, सांध्याला मिळाला पाहिजे. पण त्यासाठी रोग्याने सहा-सहा आठवडे खाटेवर काढावयाचे, आणि ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला ही चैन कोठून परवडणार?

दोन्ही पक्षांना एकाच वेळी न्याय देण्याची तजवीज अखेर धातूने केली. तिचे पूर्वज होते: लंडनचा आर्बथनॉट लेन, ज्याने पोलादी पट्ट्या हाडावर बसवताना जखमेला बोटही लागू न देण्याची शिस्त घालून दिली, आणि अँटवर्पचा लांबोट, ज्याने हत्यारे स्वतःच्या हाताने घडवली आणि त्याच हाताने व्हायोलिनेही घडवली; परंतु त्या काळचे धातू शरीरात गंजत, आणि पट्टी लावूनही प्लास्टर घालावे लागे. ब्रुसेल्सच्या रोबेर दानिस याने १९४९ च्या ग्रंथात सांगितले की तुकडे एकमेकांवर दाबून इतके पक्के बसवावेत की बाहेरच्या आधाराची गरजच उरू नये आणि लगतचे सांधे त्याच दिवसापासून हलते ठेवावेत. १९५० साली एक तरुण स्विस वैद्य, मॉरिस म्युलर, त्याला भेटून गेला; आणि ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील गावातल्या एका हॉटेलात म्युलरने आपल्यासारखेच अस्वस्थ असे मूठभर सहकारी जमवून एक मंडळ स्थापन केले. स्वित्झर्लंडसारख्या, बर्फावर घसरण्याचा छंद असलेल्या आणि अपघातविम्याची दप्तरे काटेकोर ठेवणाऱ्या देशात, जुळलेल्या हाडाचा पण कायम निकामी झालेल्या सांध्याचा मनुष्य किती महाग पडतो हे लपून राहत नव्हते. या मंडळाने डाव्होस येथे प्रयोगशाळा काढली, हत्यारांचा एकच संच ठरवला, प्रत्येक शस्त्रक्रियेची आणि तिच्या फळाची नोंद ठेवण्याचा दंडक घातला, आणि चार तत्त्वे जाहीर केली: तुकडे मूळ जागी बसवा, पक्के धरा, त्यांचा रक्तपुरवठा जपा, आणि लवकर हलवा. चौथ्या तत्त्वासाठीच पहिली तीन आहेत, हे त्यांच्या विरोधकांना बराच काळ दिसले नाही; ते केवळ स्क्रू मोजत बसले.

या साऱ्या युक्त्यांत मला सर्वांत मोहवते ती आखेनच्या फ्रीड्रिख पाउवेल्सची. वाटीचे तुकडे दूर ओढणारा तो चतुःशिर स्नायू, पारेपासून लिस्टरपर्यंत सर्वांचा शत्रू. पाउवेल्सच्या विचारातून जी पद्धत रूढ झाली तीत वाटीतून दोन बारीक सळ्या उभ्या घालतात आणि त्यांच्या टोकांभोवती, वाटीच्या पुढच्या पृष्ठावरून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तार पिळतात. आता गुडघा वाकला की पुढून तुकडे फाकू पाहतात, तार त्यांना फाकू देत नाही, आणि तीच ओढ मागच्या, सांध्याकडील, अंगाला दाबात पालटते. म्हणजे रोगी पाय जितका हलवील तितकी चीर घट्ट मिटते. चोरालाच चौकीदार नेमण्याचा हा बंदोबस्त कोणत्याही पेशवाई मुत्सद्द्याला पसंत पडला असता.

नडगीच्या माथ्याचे असे सोपे उत्तर नव्हते. टोरंटोच्या जोसेफ शात्स्कर याने १९७९ साली या भंगांचे सहा प्रकार ठरवून दिले, आणि आजही वॉर्डातला कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठाला फोनवर ‘शात्स्कर सहा आहे’ एवढे म्हणाला की पुढचे समजते. खचलेला पृष्ठभाग खालून उचलावयाचा, त्याखाली पडलेली पोकळी कमरेच्या हाडाच्या कडेतून खरवडलेल्या हाडाने भरावयाची, आणि बाजूने पट्टीचा कणखर टेकू द्यावयाचा, ही रीत बसली. परंतु पहिल्या उत्साहात दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवण्यासाठी पुढून लांबलचक छेद घेतले गेले, तेही पाय सुजून टम्म झालेला असताना. नडगीवर मांस थोडे, कातडी पातळ. जखमा उघड्या पडल्या, धातू दिसू लागला, पू झाला. सुश्रुताने आवळलेल्या बंधाविषयी दिलेला इशारा येथे आठवतो: पोटरीचे स्नायू ज्या न ताणणाऱ्या पापुद्र्यांच्या कप्प्यांत असतात तेथे सूज वाढली की रक्तच थांबते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. म्हणून आता अवघड गुडघ्याच्या बाबतीत घाई करीत नाहीत. गुडघा ओलांडून जाणारी एक बाहेरची चौकट सळ्यांनी बसवून हाडे ताणून ठेवतात, सी. टी. स्कॅन काढून तुकड्यांचा नकाशा पाहतात, आणि सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत आठवडा, कधी दोन आठवडे, वाट पाहतात. सुरकुती ही शुभ खूण मानणारे वैद्यकातले हे एकच स्थळ असावे. काही वैद्य त्याहीपुढे जाऊन, सायबेरियातील कुर्गानच्या इलिझारोव्हने काढलेली कडी आणि ताणलेल्या तारा यांची चौकट वापरतात व मोठा छेद टाळतात.

जमिनीवर बसणाऱ्या लोकांचा या इतिहासावरचा हक्क जपानने बजावला. टोकियोच्या ताकागी याने १९१८ साली मूत्राशय तपासण्याच्या नळीने एका शवाचा गुडघा आतून पाहिला, आणि त्याच्या खटाटोपामागे जी चिंता होती ती आपल्याला सहज कळेल: क्षयाने गुडघा ताठ झाला की चटईवर गुडघे मोडून बसणाऱ्या समाजात तो मनुष्य घरच्या घरी परका होतो. त्याच्या शिष्याने, वातानाबेने, ती दुर्बीण पूर्णत्वाला नेली, आणि आज खचलेला माथा नीट वर आला की नाही हे पाहण्यासाठी तीच आत सरकवली जाते.

आणि मग टोरंटोतच रॉबर्ट सॉल्टर याने १९७० च्या सुमारास सशांचे गुडघे घेतले. काहींची कूर्चा कोरून पाय प्लास्टरमध्ये ठेवले, काही ससे पिंजऱ्यात मोकळे सोडले, आणि काहींचे पाय यंत्राला बांधून रात्रंदिवस सावकाश वाकवीत ठेवले. तिसऱ्या गटाची कूर्चा सर्वांत चांगली भरून आली. हाडाच्या बाजूने शतकानुशतके चाललेल्या युक्तिवादाला सशांनी असे उत्तर दिले. त्यातून निघालेले, रोग्याचा पाय आपोआप वाकवणारे यंत्र पुढे रुग्णालयोरुग्णालयी आले. त्याचे माहात्म्य नंतरच्या परीक्षणांत थोडे उतरले, कारण यंत्र पाय वाकवते पण स्नायूला काम देत नाही.

ते काम माणसाला करावे लागते, आणि करवून घ्यावयासही माणूसच लागतो. मुंबईत १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, देशातले तसे पहिले. दोन वर्षांनी हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. तेव्हापासून या शहरातल्या शस्त्रवैद्याने कितीही नेटकी पट्टी बसवली तरी अखेरचा हिशेब भौतिकोपचाराच्या खोल्यांतून होतो. पहिले सहा ते बारा आठवडे मोडक्या माथ्यावर भार टाकावयाचा नसतो, पण वाकवावयाचे असते. आणि पहिल्या दिवसांत आपलाच पाय उचलावयाचा म्हटले की भल्याभल्या पैलवानांच्या डोळ्यांतून पाणी येते. म्हणून एक जुनी, साधी युक्ती करतात. गुळगुळीत घासलेली एक फळी खाटेवर ठेवतात, कॅरमच्या पटावर टाकावी तशी तिच्यावर शंखजिऱ्याची भुकटी पसरतात, आणि रोग्याला टाच तिच्यावर टेकवावयास सांगतात. फळीला खुंट्या नसतात. टाच आधी दोन बोटे सरकते, मग चार. पांढऱ्या भुकटीत तिची रेघ उमटते, आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ पुसून पुन्हा नवी ओढावयास बसवतात.